बीएलओपेक्षा मोठं ओझं आपल्याच खात्यातून येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे मुख्याध्यापकाचा प्रभार आहे आणि मला बीएलओचा (मतदार यादीचं काम करणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा) आदेश आला आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ दाखवून मी नकार देऊ शकते का? आणि २०२४ मध्ये शासनाने अशैक्षणिक कामं काढून घेतली म्हणतात, तर मग वर्गावर उभं राहायला वेळ का मिळत नाही?"

मॅडम, पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण आदेशावरची तारीख थांबत नाही. नकार देऊ नका. कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायला मनाई करतं हे खरं, पण त्याच वाक्यात तीन अपवाद आहेत: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकांशी संबंधित कामं. मतदार यादीचं काम प्रशासन याच तिसऱ्या अपवादात धरतं. शिवाय १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार स्थानिक संस्थांना यादीच्या कामासाठी आपले कर्मचारी द्यावे लागतात, आणि ते काम टाळणाऱ्यावर कलम ३२ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आपण जिल्हा परिषदेचे कर्मचारी, म्हणजे स्थानिक संस्थेचेच. आदेश न स्वीकारता शाळेत बसून राहिलेल्या शिक्षकांवर कारवाई झालेली मी पाहिली आहे. त्यांची बाजू खरी होती, पण रस्ता चुकला.

रस्ता आहे, आणि तो कलम २७ पेक्षा जास्त उपयोगाचा आहे. ६ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या दिल्लीच्या प्रकरणात सांगितलं की शिक्षकांना मतदार यादीचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं. अध्यापनाच्या दिवशी, शाळेच्या वेळात ते सहसा देऊ नये. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मात्र कोणत्याही दिवशी देता येतं. हा निकाल आपल्या बहुतेक स्टाफरूममध्ये कुणी वाचलेला नसतो. म्हणून आदेश स्वीकारा, आणि त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना अर्ज द्या. अर्जात शाळा द्विशिक्षकी आहे, पाच वर्ग आहेत, पट किती आहे, आपण शाळेच्या वेळात बाहेर गेलात तर पाचही वर्ग एकाच शिक्षकाकडे राहतात, हे लिहा. निकालाचा उल्लेख करा आणि काम सुट्टीच्या दिवशी व शाळा सुटल्यावर करण्याची परवानगी मागा. बीएलओ म्हणून नेमता येणाऱ्यांच्या आयोगाच्या यादीत शिक्षकांबरोबर अंगणवाडी सेविका, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी, पोस्टमन, वीजबिलाचं रीडिंग घेणारे असे अनेक जण आहेत. पुढच्या फेरनियुक्तीत यांचा विचार व्हावा, हेही त्याच अर्जात मागा. पोच घ्या. दीर्घ सुट्टीत काम करावं लागलं तर आदेश आणि हजेरीचं प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण त्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर घ्यायचा हक्क आहे आणि तो कागदाशिवाय मिळत नाही.

बीएलओचं मानधन २०२५ मध्ये वर्षाला ६,००० वरून १२,००० रुपये झालं. चांगलं झालं, पण त्याने वर्गाला वेळ परत मिळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांची विशेष सखोल पडताळणी सुरू झाली, तेव्हा बीएलओंवरचा ताण इतका वाढला की डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जादा माणसं द्यायला सांगितलं. म्हणजे 'माणूस कमी पडतोय' हे न्यायालयानेही मानलं आहे. अर्ज करताना संकोच नको.

आता दुसरा भाग. माझं म्हणणं तिथेच आहे.

निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं ही कामं डोळ्यांत भरतात. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक मोबाइल घेऊन दारोदार फिरले, त्याच्या बातम्या झाल्या. २०२७ च्या जनगणनेच्याही होतील. पण ही कामं येतात आणि जातात. शाळेचा रोजचा तास खाणारं काम निवडणूक शाखेकडून येत नाही, ते शिक्षण खात्याकडून येतं. मी मुख्याध्यापक होतो आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या दहा-पंधरा शाळांच्या केंद्राचा प्रमुख झालो. माहिती देणारा आणि माहिती मागणारा, दोन्ही बाजूंनी हे काम केलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेने, म्हणजे नीपाने, २०१८ मध्ये शिक्षकांच्या अध्यापनेतर कामांचा अभ्यास केला. शिक्षकाच्या वर्षभराच्या शालेय वेळेपैकी फक्त १९.१ टक्के वेळ प्रत्यक्ष अध्यापनात जातो, असं त्यात आढळलं. हा आकडा भाषणांत वारंवार येतो. त्याच तक्त्यातला दुसरा आकडा फारसं कुणी सांगत नाही: इतर खात्यांच्या कामांत गेलेला वेळ ६.५ टक्के होता. उरलेला सगळा वेळ शाळेशीच संबंधित, पण शिकवण्याव्यतिरिक्तच्या कामांत गेलेला. निवडक राज्यांतल्या शाळांचा हा अभ्यास आहे, तो तुमच्या शाळेला जसाच्या तसा लावू नका. पण प्रमाण बघा. आपण सगळा राग त्या ६.५ वर काढतो.

तुमच्या शाळेचंच गणित मांडू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षक पूर्ण वेळ वर्गात असले तर दिवसाला आठ शिक्षक-तास होतात. पाच वर्गांत वाटले तर एका वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचं थेट लक्ष १ तास ३६ मिनिटं. प्रभारी मुख्याध्यापक दोन तास ऑनलाइन कामात अडकले की ते ७२ मिनिटांवर येतं. एक शिक्षक केंद्रावर बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की ४८ मिनिटं. यात जोडवर्ग करून, गट पाडून, मोठ्या मुलांकडून लहानांना वाचून दाखवून आपण कसरत करतो, पण पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवताना शेजारी बसणारं माणूस लागतं, ते कुठून आणायचं? २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल हे त्याचं ध्येय. ध्येय शंभर टक्के योग्य आहे. ते याच मिनिटांतून साधायचं आहे.

ही मिनिटं कशात जातात हे तुम्हाला आता कळू लागलं असेल. मुलांची दैनिक हजेरी पटावर आणि ऑनलाइनही. पोषण आहाराची रोजची नोंद ॲपवर, तीच साठा नोंदवहीत, महिनाअखेरीस तीच प्रपत्रात. यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या पोर्टलवर शाळेची, शिक्षकांची आणि २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती. सरल या राज्याच्या पोर्टलवर संचमान्यतेसाठी, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं ठरवण्यासाठी, पुन्हा विद्यार्थी. अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या ओळख क्रमांकासाठी, पालकांची संमतिपत्रं. शिष्यवृत्तीचे अर्ज, उपस्थिती भत्ता, गणवेशाची मापं, बँक खाती. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण विद्यार्थीनिहाय, प्रश्ननिहाय. अभियान आलं की फोटो, व्हिडिओ, लिंक. आणि व्हॉट्सॲप गटावर 'आजच्या आज', 'अति तातडीचे', 'निरंक असल्यास तसे कळवावे'.

यातल्या एकाच कामावर थोडं थांबतो, कारण बाहेरच्या माणसाला ते किरकोळ वाटतं: आधार जुळवणी. शाळेच्या जनरल रजिस्टरला मुलाचं नाव एक असतं आणि आधार कार्डावर दुसरं. कुठे वडिलांच्या नावात 'राव' आहे, कुठे नाही. कुठे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, कुठे जन्मतारीख सरसकट १ जानेवारी किंवा १ जून. प्रणालीत एक अक्षर चुकलं तरी विद्यार्थी अवैध. दुरुस्तीसाठी पालकाला तालुक्याच्या आधार केंद्रावर जावं लागतं, त्याचा दिवसाचा रोज बुडतो, म्हणून तो जात नाही. त्याला दोष देता येत नाही. बीड-जालन्याकडे तर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात. ज्या महिन्यांत माहिती पूर्ण करायची घाई असते त्याच महिन्यांत पालक कारखान्याच्या फडावर असतो. आणि संचमान्यतेत आधार वैध नसलेलं मूल मोजलं गेलं नाही तर शाळेचं पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात दुसरीकडे जातो. मूल वर्गात बसलेलं आहे, वाचतं आहे, खिचडी खातं आहे, पण पदासाठी ते नाही. म्हणून मुख्याध्यापक वर्ग सोडून आधारच्या मागे धावतो. तो कामचुकार नाही. शाळेचं पद वाचवतो आहे.

आता २०२४ च्या निर्णयाकडे येऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या कामांचं वर्गीकरण केलं: शैक्षणिक, अशैक्षणिक आणि अनिवार्य. अनिवार्य म्हणजे कलम २७ मधलीच तीन कामं. इतर खात्यांची सर्वेक्षणं, स्वच्छतेच्या मोहिमा वगैरे अशैक्षणिक ठरली. शिक्षक संघटनांनी अनेक वर्षं मागितलेली गोष्ट कागदावर आली, याचं मोल मी कमी मानत नाही. पंचायत समितीतून एखादं परकं काम आलं तर आज दाखवायला काहीतरी आहे. पण आपल्या खात्याची माहिती भरण्याचं काम शाळेकडेच राहिलं, आणि ते करणारी माणसंही तीच राहिली. ज्या शाळेत दोन शिक्षकांशिवाय तिसरा कर्मचारीच नाही, तिथे कामाला कोणत्याही यादीत टाकलं तरी ते त्या दोघांपैकी एकालाच करायचं असतं.

खरी अडचण इथे आहे. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेला पटानुसार लिपिक मंजूर होतो, २०२० पर्यंत शिपाईही मंजूर व्हायचा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नाही, शिपाई नाही. पूर्वी माहिती वर्षातून ठरावीक वेळा जायची, पगारपत्रक, मासिक प्रपत्र, वार्षिक तपासणी, तेव्हा हे निभावून जायचं. सरल २०१५ मध्ये आलं, मग एकेक करून पोर्टल वाढत गेली, आणि शासनाने एकही पद न वाढवता राज्यभरातल्या प्राथमिक शिक्षकाला डेटा एंट्री ऑपरेटर करून टाकलं. यामागे कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. मंत्रालयातल्या, पुण्यातल्या प्रत्येक कार्यालयाला आपली माहिती महत्त्वाची वाटते आणि ती असतेही. पण सगळ्यांच्या मागण्या खाली येऊन एकाच माणसावर पडतात, आणि तो माणूस त्या वेळी चौथीला भागाकार शिकवत असायला हवा, याची बेरीज वरच्या कुठल्याच टेबलावर होत नाही.

दुसरं कारण पदांचं. मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली, पवित्र पोर्टलची प्रक्रिया २०१७ मध्ये सुरू झाली, आणि मधली अनेक वर्षं निवृत्त होणाऱ्यांच्या जागी कुणी आलं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ रिक्त पदं दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका म्हणतं. आणि निकषातच एक खोच आहे. सहावी ते आठवीसाठी कायद्याने प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक सांगितला आहे. पहिली ते पाचवीला मात्र फक्त मुलं मोजली जातात: साठपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. वर्ग किती आहेत हे कुणी विचारत नाही. त्यामुळे डोंगरातल्या पंचवीस मुलांच्या शाळेत दोघांनी पाच इयत्ता चालवायच्या. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाविरुद्ध आणि कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक देण्याविरुद्ध त्या सप्टेंबरात शिक्षक रस्त्यावर उतरले, ते पगारासाठी नव्हतं. शहरातल्या वर्तमानपत्रांना ते समजावून सांगण्यात आपण कमी पडलो, असं मला वाटतं.

मग काय व्हायला हवं? राज्यात ४,८६० केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्राला एक माहिती सहायक द्या, फक्त पोर्टलच्या कामासाठी. डेटा एंट्री ऑपरेटर आज तालुक्याला, गटसाधन केंद्रात असतात. तिथून शंभरेक शाळांपर्यंत ते पोहोचू शकत नाहीत. केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा असतात, सहायक आठवड्यात प्रत्येक शाळेला एकदा जाऊ शकतो. शिक्षकाने हजेरीपट आणि जनरल रजिस्टर नीट ठेवायचं, तिथून पुढची नोंद सहायकाची. खर्च होईल, पण आज तोच खर्च आपण शिक्षकाच्या पगारातून करतो आहोत आणि त्या बदल्यात मुलांचे तास देतो आहोत. दुसरं, यूडायस प्लसवर मुलाची नोंद एकदा झाली की बाकी सगळ्या योजनांनी ती तिथून उचलावी. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. खात्यातल्या कार्यालयांनी एकमेकांच्या माहितीवर विश्वास ठेवायचं ठरवलं पाहिजे, एवढंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकांना अध्यापनाशी थेट संबंध नसलेल्या कामात गुंतवू नये, विशेषतः किचकट प्रशासकीय कामात, आणि पोषण आहाराच्या कामाला ठरवून दिलेल्या कमीत कमी वेळेपलीकडे वेळ जाऊ नये, असं लिहिलेलं आहे. धोरणातलं ते वाक्य अंमलात आणायला पद लागतं.

एक सावधगिरी मात्र सांगतो, कारण रागाच्या भरात आपण सगळंच एका ढिगात टाकतो. आठवडाभर न आलेल्या मुलीच्या घरी जाणं हे अशैक्षणिक काम नाही. स्थलांतराला निघालेल्या कुटुंबाला गाठून मुलाला हंगामी वसतिगृहात ठेवायला तयार करणं, नाहीतर नव्या गावच्या शाळेत दाखल होता यावं म्हणून त्याला शिक्षण हमी पत्र देणं, हे आपलंच काम आहे आणि ते दुसरं कुणी करणार नाही. पोषण आहाराची चव घेणंही आपण सोडू नये. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. मुलांच्या आधी मोठ्या माणसाने घास घेणं ही त्यांच्या जिवाची काळजी आहे. तांदळाच्या पोत्यांचा हिशेब, इंधन-भाजीपाल्याची बिलं, स्वयंपाकी-मदतनीसांच्या मानधनाची प्रपत्रं, हे मात्र दुसऱ्याकडे जायला हवं. मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींचंही तसंच. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा त्यामागचा विचार मला पटला होता आणि आजही पटतो. मूल रोज बघा, नोंद ठेवा. पण तपासणीला येणारा अधिकारी मुलाला वाचायला न लावता वही पूर्ण आहे का एवढंच बघू लागला, आणि नोंदी मार्चमध्ये एकमेकांच्या वह्यांतून उतरू लागल्या. तिथे काम जास्त आहे अशी तक्रार करण्याआधी आपण खऱ्या, थोड्या, उपयोगाच्या नोंदी ठेवू लागलो तर वेळही वाचतो.

तुमच्या हातात आज काय आहे, ते सांगतो. माझ्या केंद्रात आम्ही शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की माहितीचा निरोप शाळा भरल्यावर गटावर टाकायचा नाही. दुपारी शाळा सुटल्यावर दिवसभराचे निरोप मी एकत्र करून पाठवायचो, आणि जी माहिती मुख्याध्यापकांनी आधीच दिलेली आहे ती वर मागितली गेली तर माझ्या फाइलमधून मीच भरून द्यायचो. वरून कधी बोलणी बसली, पण काम अडलं नाही. 'आजच्या आज' मागितलेलं पुष्कळसं दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं. तुमच्या केंद्रप्रमुखांकडे हे मागा. एकट्या मागू नका, केंद्रातल्या सगळ्या द्विशिक्षकी शाळांनी मिळून मागा.

शाळेत एक साधी वही घाला. तारीख, कोणत्या कार्यालयाने कोणती माहिती मागितली, आधी दिलेली होती का, किती वेळ लागला, त्या वेळात कोणता वर्ग शिक्षकाविना होता. यात मत लिहू नका, फक्त नोंद. दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. पालकांना 'गुरुजी मोबाइलवर असतात' एवढंच दिसत असतं. मोबाइलवर काय चाललं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. समितीच्या ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि तुमच्या गटाच्या जिल्हा परिषद किंवा पंचायत समिती सदस्याला द्या. निवडून आलेले सदस्य नसतील तर प्रशासकांना. शिक्षकाची तक्रार आस्थापना शाखेच्या फाइलीत जाते, पालकांच्या ठरावाला उत्तर द्यावं लागतं.

प्रभारी मुख्याध्यापकांशीही बोला. बहुतेक द्विशिक्षकी शाळांत ज्येष्ठ शिक्षक ऑनलाइन कामाला घाबरतो आणि नव्या, तरुण शिक्षिकेवर सगळी पोर्टलं येतात. तुमच्याकडेही तेच झालं असेल. आठवड्यातला एक दिवस ठरवा, शाळा सुटल्यावरचा, दोघांनी शेजारी बसून करा. त्यांना पासवर्ड लिहून द्या, एकेक पायरी दाखवा. तुम्ही मतदार यादीच्या कामाला बाहेर असाल त्या दिवशी पोर्टल बंद राहिलं तर चालेल, पण पहिली-दुसरीची मुलं त्यांच्याकडेच राहतील, आणि कोणतं मूल कुठल्या अक्षरावर अडलं आहे हे त्यांना माहीत असायला हवं. त्याची यादी आत्ताच भिंतीवर लावून ठेवा.